मीठबंदर रोडवरून



ठाणे स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूनं खाडीकडे जाणारा एक रस्ता लागतो. त्याचं नाव मीठबंदर रोड. बंदरातला मिठाचा व्यापार केव्हाच संपला, पण नावात मीठ मुरून राहिलं आहे. आम्ही इथले कोपरीकर पत्ता सांगताना, रिक्षा करताना रोज ते नाव घेतो. मीही घेत होतो, पण मिठाचा विचार पहिल्यांदा केला तो आईच्या आजारपणात.

एका सकाळी आई मला ओळखेना. मला स्वतःचा भाऊ समजून माहेरच्या विहिरीबद्दल विचारू लागली. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "सोडियम लो झालंय. ११४ आहे." वयस्कर माणूस असलेल्या घरांना हे वाक्य आता ओळखीचं आहे. आईच्या बाबतीत कारण निघालं रक्तदाबासाठी चालू असलेली, लघवी वाढवणारी गोळी. ती बंद केली आणि सोडियम हळूहळू वर आणलं. मुद्दाम हळूहळू, कारण ते घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पाचव्या दिवशी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली.

त्या पाच दिवसांत रोज हातात येणाऱ्या कागदावर दोन आकडे मी आधी वाचायचो. सोडियम असायला हवं १३५ ते १४५, पोटॅशियम साडेतीन ते पाच. पण हे आकडे रक्तातले, म्हणजे पेशीच्या बाहेरचे. पेशीच्या आत हिशोब नेमका उलटा असतो. तिथे पोटॅशियम १४०च्या आसपास आणि सोडियम जेमतेम दहा-पंधरा. मधे एक पातळ पडदा, आणि तोही गळका. सोडियम सतत आत झिरपतं, पोटॅशियम बाहेर जातं. तरी हा फरक जन्मभर टिकतो. होडीत पाणी झिरपत असतं आणि कोणीतरी ते सारखं उपसत असतं, म्हणून होडी तरंगते; तसंच हे आहे.

हा उपसा करणारं प्रथिन म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. तो एका खेपेला सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो आणि त्यासाठी एटीपी नावाच्या इंधनाचा एक रेणू खर्च करतो. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या उपशावर जातो. मेंदूत तर त्याहून पुष्कळ जास्त, कारण मज्जातंतूतून संदेश जातो तोच मुळी सोडियम आत घुसून आणि पोटॅशियम बाहेर निसटून. नंतर ही आवराआवर पंपालाच करावी लागते. आईचा पंप बिघडलेला नव्हता. बाहेरचंच सोडियम घटलं, म्हणून पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं होतं.

पंपाचे मुख्य भाग दोन, अल्फा आणि बीटा. बीटा हा अल्फाला पडद्यापर्यंत नीट पोचवतो, प्रत्यक्ष उपसा अल्फा करतो. जवळजवळ सगळ्या पेशींत असलेल्या अल्फा-१ची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, त्याचं नाव एटीपी१ए१. ते आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं आणि त्याच्यावरून १,०२३ अमिनो आम्लांची माळ तयार होते.

हा पंप सापडला तो खेकड्यात. ही गोष्ट मला चेंदणीच्या कोळणींना सांगावीशी वाटते. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात येन्स स्कौ नावाचे डॉक्टर होते. भूल देणारी औषधं मज्जातंतूवर कशी काम करतात, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी एका मच्छीमाराकडून किनाऱ्यावरचे खेकडे मागवले आणि त्यांच्या पायांतले मज्जातंतू काढून वाटले. त्या वाटणात एटीपी फोडणारं प्रथिन होतं, पण सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही एकत्र मिळाल्याखेरीज ते नीट काम करेना. १९५७ साली त्यांनी हे छापलं. शीर्षकात 'पंप' हा शब्द वापरायचं धाडस मात्र केलं नाही. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्यांना सांगितलं, की वाबेन नावाचं वनस्पतीतलं विष सोडियमचा उपसा थांबवतं. स्कौंनी तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला: खेकड्याच्या प्रथिनावर वाबेन घालून बघा. घातलं, आणि प्रथिन थांबलं. पंप सापडल्याची खूण पटली. नोबेल मिळायला मात्र १९९७ साल उजाडलं.

वाबेन आफ्रिकेतलं, पण त्याची भावंडं आपल्या दारात आहेत. शनिवारी मारुतीला आपण जिच्या पानांचा हार घालतो त्या रुईच्या चिकात ती आहेत. लहानपणी आम्ही ज्यांच्याशी खेळायचो, त्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांतही आहेत. हृदयाच्या पेशींतला पंप त्यांनी अडवला, तर ठोके बिघडून माणूस दगावतो. ज्यांच्या अंगणात कण्हेरीचं झाड आहे त्यांनी मुलांना एवढं जरूर सांगावं.

खाडीवर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षीही याच पंपाच्या जिवावर खाऱ्या पाण्यात निभावतात. डोळ्यांजवळच्या त्यांच्या ग्रंथी जादा मीठ नाकपुड्यांतून बाहेर टाकतात, आणि त्या ग्रंथींत हे पंप खच्चून भरलेले असतात.

अल्फाचा एक प्रकार मज्जापेशींत असतो. त्याचं जनुक एटीपी१ए३. त्यातल्या बिघाडामुळे तान्ह्या मुलांना एक विलक्षण आजार होतो. कधी डावं अंग लुळं पडतं, कधी उजवं. काही तास, काही दिवस. मूल झोपलं की लुळेपणा ओसरतो, जाग आल्यावर पुन्हा येऊ शकतो. अनेकदा हे फेफरं समजलं जातं. कारण कळलं २०१२ साली. बहुतेक मुलांत हा बदल आईकडूनही आलेला नसतो आणि वडिलांकडूनही. तो त्या मुलातच नव्यानं घडलेला असतो. आपल्याकडे अशा वेळी आईच्या माहेराकडे बोट दाखवलं जातं, म्हणून हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्या बाईनं काही खाल्लं म्हणून, ग्रहणात काही चिरलं म्हणून हे झालेलं नाही.

आई आता बरी आहे. गेल्या रविवारी चिंबोऱ्या आणल्या होत्या. एका चिंबोरीचा पाय सांध्याशी मोडून मी अलगद ओढला, तर आतून एक पांढरा धागा निघाला, केसासारखा. तो आईच्या बोटावर ठेवला आणि स्कौंची गोष्ट तिला सांगितली. चष्मा वर सरकवून ती कितीतरी वेळ त्या धाग्याकडे बघत होती.