माइक हेलवूड : हाती येईल त्या यंत्रावर

मोटारसायकल शर्यतपटू माइक हेलवूडचे वडील ऑक्सफर्डचे धनाढ्य मोटारसायकल व्यापारी. त्यामुळे शर्यतीची उत्तमोत्तम यंत्रे त्याला विशीच्या आतच मिळाली, आणि बापाच्या पैशावर मोठा झालेला पोरगा म्हणून त्याची बोळवण करणे सोपे झाले. मला हा आक्षेप मुळातच अमान्य आहे.

1961 मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने आइल ऑफ मॅनवर एकाच आठवड्यात तीन टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यती जिंकल्या. दोन जपानी होंडावर, तिसरी ब्रिटिश नॉर्टनवर. असे आधी कुणालाच जमले नव्हते. टीटीचा मार्ग म्हणजे गावांतून, दगडी भिंतींना लगटून डोंगर चढणारा साठ किलोमीटरचा साधा रस्ता. तिथे चुकणाऱ्याला पैसा वाचवत नाही. 1965 च्या सीनियर टीटीत तो पावसात घसरून पडला. वाकडीतिकडी झालेली एमव्ही अगुस्ता त्याने लाथा घालून सरळ केली, फुटक्या काचेनिशी पुढे हाकली आणि शर्यत जिंकली!

1967 ची सीनियर टीटी मला सर्वांत मोठी वाटते. त्याची 500 सीसीची होंडा ताकदवान, पण वळणावर अंग टाकणारी. त्यात थ्रॉटलची मूठ सैल झाली. पिटमध्ये हातोडीने ठोकून तो पुन्हा निघाला. समोर प्रतिस्पर्धी जियाकोमो अगोस्तिनी. अखेर अगोस्तिनीची साखळी तुटली हे खरे, पण त्याआधी हेलवूडने ताशी 108.77 मैलांनी घातलेली फेरी पुढे आठ वर्षे कुणाला मोडता आली नाही.

होंडाने माघार घेतल्यावर तो मोटार शर्यतींकडे वळला. तोवर नऊ जगज्जेतेपदे खात्यावर होती. 1973 मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्यालामीच्या शर्यतीत क्ले रेगाझोनी या चालकाची मोटार पेटली. हेलवूड आगीत शिरला, त्याचेही कपडे पेटले, ते विझताच तो परत आत गेला आणि रेगाझोनी वाचला. त्यासाठी त्याला शौर्याचे जॉर्ज मेडल मिळाले. पुढच्याच वर्षी नुर्बुर्गरिंगला पाय असा मोडला, की तो मोटार शर्यतींतून कायमचा बाहेर पडला.

1981 मध्ये चाळिशीतच, वाटेत आडव्या आलेल्या लॉरीमुळे झालेल्या अपघातात, तो आपल्या लहान मुलीसह गेला. म्हणून त्याआधीचे पुनरागमन जपून सांगायला हवे. 3 जून 1978 रोजी, अकरा वर्षांनी, अडतीस वर्षांचा हा माणूस अधू पायाने टीटीला उतरला. डुकाटी त्याला नवखी, प्रतिस्पर्धी फिल रीडसारखा कसलेला. रीड त्याच्या आधी सुटला होता. हेलवूडने त्याला रस्त्यावरच गाठले, मागे टाकले आणि शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी सुझुकीवर सीनियर टीटीही जिंकली. त्याचा तो चौदावा टीटी विजय.