सोन्याचा चेंडू आणि त्याचे मतदार

'बॅलन डी'ओर' म्हणजेच सोन्याचा चेंडू हा जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा वार्षिक पुरस्कार मानला जात असला, तरी त्याच्या सात दशकांच्या इतिहासात खेळाडूंच्या गुणवत्तेइतकेच त्याचे नियमही निर्णायक ठरले आहेत. मत कोणी द्यायचे, कोणाला द्यायचे आणि किती काळातील खेळ पाहून द्यायचे, हे जेव्हा जेव्हा बदलले तेव्हा तेव्हा सर्वोत्तम कोण याचे उत्तरही बदलले. म्हणून विजेत्यांच्या यादीबरोबर मतदारांची यादीही वाचावी लागते.

१९५६ साली 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकाने हा पुरस्कार सुरू केला आणि त्यामागील प्रमुख प्रेरणा गाब्रिएल आनो यांची होती. १९५४ च्या अखेरीस 'लेकिप' या क्रीडा दैनिकातून युरोपातील विजेत्या क्लबांची एकत्रित स्पर्धा भरवण्याची कल्पना मांडणारे पत्रकारही तेच होते, आणि हा निव्वळ योगायोग नव्हे. इंग्लंड, स्पेन, इटली, फ्रान्स या देशांतील साखळी स्पर्धा आपापल्या सीमांत चालत असताना एका देशाच्या खेळाडूची दुसऱ्या देशाच्या खेळाडूशी तुलना करण्यास आधारच नव्हता. युरोपियन चषकाने तो आधार दिला आणि पुरस्काराने त्या तुलनेला मतदानाचे रूप दिले. प्रत्येक देशातील एका पत्रकाराने पाच खेळाडू पसंतीच्या क्रमाने निवडावेत आणि त्यांना पाचापासून एकापर्यंत गुण मिळावेत, अशी ती साधी रीत होती.

पहिला निकाल मात्र या रीतीतील संदिग्धता उघड करणारा होता. इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज ४१ व्या वर्षी ४७ गुणांनी पहिले आले आणि त्याच वर्षी रेआल माद्रिदला पहिला युरोपियन चषक जिंकून देणारे आल्फ्रेदो दि स्तेफानो ४४ गुणांवर राहिले. मतदारांनी एका वर्षाच्या खेळापेक्षा दीर्घ कारकिर्दीचा मान राखला, हे उघड आहे. मॅथ्यूज यांच्या थोरवीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु वर्षाचा पुरस्कार की आयुष्याचा, हा प्रश्न त्यामुळे जो अनिर्णित राहिला तो थेट २०२२ पर्यंत.

याहून गंभीर मर्यादा पात्रतेच्या नियमात होती, कारण १९९४ पर्यंत हा पुरस्कार केवळ युरोपीय नागरिकत्व असलेल्या खेळाडूंनाच मिळू शकत असे. मूळचे अर्जेंटिनाचे दि स्तेफानो स्पेनचे नागरिक झाल्यामुळे १९५७ आणि १९५९ साली विजेते ठरले, पण ब्राझीलमध्येच खेळणाऱ्या पेले यांचा विचारच होऊ शकला नाही. दिएगो मारादोना तर १९८४ पासून इटलीच्या नापोली क्लबकडून, म्हणजे युरोपातच खेळत होते. तरीही १९८६ मध्ये अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिल्यावर सोन्याचा चेंडू गेला तो सोव्हिएत संघाच्या इगोर बेलानोव यांच्याकडे. बेलानोव उत्तम आघाडीपटू होते, आणि त्यांच्या नावाभोवती कायमचा प्रश्न उभा राहिला तो त्यांच्या दोषामुळे नव्हे, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

१९९५ मध्ये युरोपीय क्लबांत खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूसाठी दार उघडले आणि त्याच वर्षी लायबेरियाचे जॉर्ज वेआ विजेते झाले; पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले वेआ हे आजवरचे एकमेव आफ्रिकी विजेते आहेत. २००७ मध्ये जगातील कोणत्याही क्लबचा खेळाडू पात्र झाला. २०१६ मध्ये नियतकालिकाने जुन्या निकालांचा फेरविचार प्रसिद्ध केला, तेव्हा १९९४ पर्यंतच्या ३९ पुरस्कारांपैकी १२ दक्षिण अमेरिकी खेळाडूंना गेले असते आणि त्यांतील सात एकट्या पेले यांचे असते, असा निष्कर्ष निघाला. जुन्या विजेत्यांचा मान कायम ठेवून आपल्याच यादीची उणीव जाहीरपणे मांडणे हे धैर्याचे काम होते.

नियमांनी दार उघडले तरी नजर बदलत नाही. सोव्हिएत संघाचे लेव्ह याशिन हे १९६३ चे विजेते आजही एकमेव गोलरक्षक आहेत; बचाव फळीतून फ्रान्झ बेकेनबाउअर, माथियास सामर आणि फाबियो कान्नावारो एवढीच नावे पुढे येतात. गोल हा मोजता येतो, पण योग्य जागी उभे राहून न होऊ दिलेला गोल कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. या दृष्टीने २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या रोद्री या बचावात्मक मध्यरक्षकाची, म्हणजे बचाव फळीच्या पुढे राहून खेळाची लय सांभाळणाऱ्या खेळाडूची झालेली निवड मोलाची आहे, मग आपल्या व्हिनिसियस ज्युनियरला डावलल्याच्या रोषात रेआल माद्रिदने त्या समारंभावर कितीही बहिष्कार टाकलेला असो.

मतदार बदलले की निकाल कसा बदलतो, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २०१० चा आहे. त्या वर्षी हा पुरस्कार फिफाच्या पुरस्कारात विलीन झाला आणि पत्रकारांबरोबर राष्ट्रीय संघांचे कर्णधार व प्रशिक्षक यांनाही समान वाटा मिळाला. इंटर मिलानबरोबर तीन चषक जिंकून नेदरलँड्सला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारा वेस्ली स्नायडर पत्रकारांच्या मतांत पहिला होता; एकत्रित मोजणीत तो चौथा आला आणि लिओनेल मेसी विजेता ठरला. मेसीच्या आठ पुरस्कारांचे तेज याने कमी होत नाही, पण कर्णधार आणि प्रशिक्षक ओळखीच्या तेजस्वी नावाकडे झुकतात, ही शंका त्यातून बळावते. ही भागीदारी २०१५ नंतर संपली आणि मतदान पुन्हा पत्रकारांकडे आले.

२०२२ मध्ये कॅलेंडर वर्षाऐवजी ऑगस्ट ते जुलै हा हंगाम धरला जाऊ लागला, कारकीर्द हा निकष वगळला गेला आणि पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतील पहिल्या १०० देशांच्याच पत्रकारांना मताधिकार उरला. पहिले दोन बदल स्वागतार्ह आहेत. तिसरा मात्र संघाच्या बळावरून परीक्षकाची जाण ठरवतो. त्या वर्षी भारत या शंभरांत नव्हता. कोलकाता, केरळ, गोवा किंवा पेठा-तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर झुंजताना पाहत वाढलेले कोल्हापूर येथील जाणकाराची नजर केवळ राष्ट्रीय संघ मागे पडल्यामुळे कमी प्रतीची ठरत नाही.

महिलांसाठी सोन्याचा चेंडू आला तो २०१८ मध्ये, म्हणजे पुरुषांनंतर ६२ वर्षांनी, आणि पहिली मानकरी नॉर्वेची आदा हेगरबर्ग ही महिला फुटबॉलला मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीच्या निषेधार्थ तेव्हा राष्ट्रीय संघापासून दूर होती. ब्राझीलच्या मार्ताला फिफाने सहा वेळा सर्वोत्तम ठरवले, त्यांतील पाच वेळा २००६ ते २०१० अशी सलग. तिच्या त्या बहराच्या काळात तिला देण्यासाठी हा पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. पेले आणि मारादोना यांच्यासाठी जसा फेरविचार झाला, तसा मार्ता आणि तिच्याआधीची जर्मनीची बिर्गिट प्रिन्झ यांच्यासाठीही व्हायला हवा, आणि फिफाचे महिलांचे निकाल २००१ पासून नोंदलेले असल्याने त्यासाठी लागणारा आधारही हाताशी आहे.