पाऊस चार महिने, बाग बारा महिने

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बागेवरचं व्याख्यान ऐन उन्हाळ्यात ठेवलंत, हे बरं केलंत. ऑगस्टमध्ये पुण्यातली कुठलीही बाग देखणीच दिसते, त्यात मालकाचं कर्तृत्व काही नसतं. बाग बघायची ती आत्ता. टँकरवाला फोन उचलत नाही, माळी गावाला गेलाय आणि कुंडीतल्या मातीला बोटभर भेगा पडल्यात, अशा वेळी.

आधी एक हिशेब करू. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. बंगल्यापुढे एवढं लॉन असणं ही काही फार मोठी चैन मानली जात नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉनमधून रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरा. मी हात राखूनच धरतेय. म्हणजे या गुंठ्याला रोज पाचशे लिटर लागले. शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी रोज 135 लिटर धरण्याची पद्धत आहे. तेव्हा तुमच्या घरात चार माणसं असतील, तर लॉन लावल्यापासून ती जवळजवळ आठ झाली.

हिशेब अजून संपलेला नाही. फेब्रुवारी ते मे हे 120 दिवस धरले, तर रोजच्या पाच मिलिमीटरने 600 मिलिमीटर होतात. पुण्यात वर्षाला पाऊस पडतो सरासरी 700 ते 750 मिलिमीटर, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. याचा अर्थ असा की लॉन हिरवं ठेवण्यासाठी आपण उन्हाळ्यात नळाने दुसरा पावसाळा पाडतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे इथल्या बहुतेकांना आठवत असेल. त्याच उन्हाळ्यात याच राज्यात स्प्रिंकलर फिरत होते. मला कोणाला टोचून बोलायचं नाही, पण हे दोन्ही एकाच धरतीवर चाललं होतं एवढं ध्यानात असू द्या.

ही हिरव्या गालिच्याची आवड आपल्याकडे मुख्यतः बंगल्याबरोबर आणि कॅम्पाबरोबर आली. साहेबाला त्याच्या गावचं गवत हवं होतं, ते स्वाभाविक होतं. त्याच्या गावी पाऊस बारा महिने भुरभुरतो. पण साहेबांमध्येही दोन जाती होत्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला, तो आजही आमच्या टेबलावर उघडा असतो. आपल्या माळावरच्या काट्याकुट्यांची इतकी आस्थेने नोंद करणाऱ्याचं काही आपण उचललं नाही, लॉन तेवढं उचललं.

आता मुद्द्यावर येते. दख्खनच्या पठारावरची झाडं आठ महिन्यांच्या कोरडेपणाला कशी पुरून उरतात? त्यांचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पानं टाकणं. झाड जमिनीतून पाणी उचलतं आणि त्यातलं बहुतेक सगळं पानांवाटे हवेत सोडून देतं. तेव्हा पाणी वाचवायचं तर पानं गाळा, इतकं ते सरळ आहे. पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी पानं उतरवतात आणि मग नुसत्या फांद्यांवर फुलतात. शिंजीर, मैना, बुलबुल त्या फुलांवर तुटून पडतात, कारण मधे यायला पानच नसतं. मेडशिंगी, गणेर, बहावा हेही याच घराण्यातले. आणि आपण काय करतो? दर मार्चमध्ये मला फोन येतो : “बाई, बहावा वाळलाय, काढून टाकू का?” मी सांगते, महिनाभर थांबा. एका सोसायटीने थांबायचं नाकारलं. वार्षिक सभेत ठराव करून त्यांनी धडधाकट झाड पाडलं आणि त्या जागी पाम लावला. त्या पामला आता रोज पाणी घालावं लागतं, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि त्यावरून पुढच्या सभेत भांडण होतं.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच : आपल्या बागेचा वर्षाचा क्रम आपण दुसऱ्याच कुठल्या हवामानाचा धरला आहे. एप्रिलमध्ये हिरवळ मागणं ही इथल्या जमिनीकडे केलेली भलतीच मागणी आहे. एप्रिलमध्ये फुलं मागा, भरपूर मिळतील. सावलीही मागा, करंज आणि कडुनिंब उन्हाच्या तोंडावरच नवी पालवी धरून उभे राहतात. सरसकट हिरवळ मात्र जून ते ऑक्टोबरातच मागावी.

इथे एक सावधगिरी हवी. हल्ली ‘देशी झाडं लावा’ असं सगळे सांगतात, शाळांतून घोषणाही होतात. देशी असणं पुरेसं नाही. सीताअशोक देशी आहे, सुरंगी देशी आहे, कोकम तर आपल्या ताटातलं आहे. पण ही सगळी ओलाव्याची झाडं. सीताअशोक सह्याद्रीच्या ओढ्याकाठी, दाट सावलीत राहणारा. त्याला तुम्ही नगरच्या किंवा सोलापूरच्या उघड्या मुरमात आणून बसवलंत, तर तो पाहुणाच ठरणार आणि पाहुण्याचं सगळं करावंच लागणार. महाराष्ट्र एवढा मोठा आहे, घाटमाथ्याचा पाऊस आणि माणदेशचा पाऊस यात दहापटीचं अंतर पडतं. दोन्हीकडचं झाड ‘महाराष्ट्राचं’ म्हणून एकाच ट्रकमध्ये भरून चालत नाही. तुमच्या घरापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावरच्या टेकडीवर, कोणी पाणी न घालता काय उभं आहे, ते बघा. तुमची यादी तिथे आहे.

आणि उलट बाजूनेही फसगत होते. पाण्यावाचून जगतं म्हणून कुठलंही आणून लावायचं, हेही बरं नाही. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ कोरड्यात मजेत वाढतात, मग टेकडीच्या टेकडी व्यापतात. घाणेरी आपल्या देशात आली तीच मुळी शोभेचं झुडूप म्हणून, बागेचं कुंपण म्हणून. आज ती कोणत्या जंगलात नाही, ते सांगा. बोगनवेलीबद्दल आणि देवचाफ्याबद्दल मात्र माझा हट्ट नाही. चाफा मेक्सिकोच्या बाजूचा असला, तरी आपल्या देवळांपुढे इतकी वर्षं निमूट उभा आहे आणि कोणाच्या जागेवर अतिक्रमण करत नाही. तो असू द्या. घरातलं उपटून टाका असं मी म्हणणार नाही, पुढचं लावताना विचार करा.

आता एका झुडपापाशी जरा थांबते. तरवड. रस्त्याकडेला, मुरमाड बरडावर, कमरेएवढं ते छातीएवढं वाढणारं. सोलापूर रस्त्याला बघत बघत गेलात तर दिसेलच. त्याची साल पूर्वी कातडी कमावायला वापरत, म्हणून त्याला भाव होता. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. इतर झुडपं धुळीने राखाडी झालेली असतात तेव्हाही हे पिवळ्या फुलांनी भरलेलं असतं. या फुलात मध नसतो. असतात फक्त पराग, तेही केसरांच्या टोकाशी असलेल्या बारीक भोकांत बंद केलेले. सकाळी काळा भुंगा येतो, केसरांना मिठी मारतो आणि जागच्या जागी अंग थरथरवतो. त्याच्या उडण्याचा आवाज आणि हा आवाज वेगळा आहे, याची पट्टी चढी असते. त्या थरथरण्याने पराग त्या भोकांतून बाहेर उडतात आणि त्याच्या पोटाला चिकटतात. मधमाशीला हे जमत नाही. हे तुमच्या गेटपाशी, विनापाणी, विनातिकीट बघायला मिळेल. नर्सरीत मात्र तरवड मागितलात तर नर्सरीवाला तुमच्याकडे संशयाने बघेल. उरळीकडच्या एवढ्या नर्सऱ्यांमध्ये शोधून बघा. माळावर फुकट उगवतं ते विकत कोण घेणार, असा त्याचा रास्त हिशेब आहे. मागणारे वाढले की तोही ठेवेल. तोवर वनखात्याच्या रोपवाटिकेत विचारा, नाहीतर शेंगा गोळा करा. टेकडीवरून रोप उपटून आणू नका, त्याचं मूळ तुटतं आणि ते जगत नाही.

कुंपणाला करवंद लावा. काटे आहेत, फुलांना वास आहे आणि मे महिन्यात मुलांना उद्योग आहे. निरगुडी आणि अडुळसा छाटले तरी कंटाळत नाहीत. आडोशाला धायटी, खाली कोरांटी, वर चढवायला गुळवेल. लहान आवारात आपटा, पारिजातक, काळा कुडा, बहावा पुरे झाले. वड, पिंपळ, उंबर, काटेसावर यांना घराच्या भिंतीपाशी आणू नका, कितीही पुण्य असलं तरी. शहरात एकदा वाढलेलं झाड, ते तुमच्याच आवारात का असेना, 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाही. तेव्हा विचार खड्डा खणण्याआधी करायचा.

बहावा लावलात की एक दिवस त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसतील. माळी लगेच फवारणीचा पंप घेऊन येईल. त्याला चहा द्या आणि परत पाठवा. त्या हिरव्या अळ्या बहुधा भटक्या फुलपाखराच्या असतात, इंग्रजीत त्याला एमिग्रंट म्हणतात, आणि बहावा हे त्या अळ्यांचं ठरलेलं अन्न आहे. झाडाला त्याने काही होत नाही, पुन्हा पालवी फुटते. अळी नको आणि फुलपाखरू हवं, असं जमणार नाही.

लॉनचं काय, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. बसायला, मुलांना लोळायला थोडी जागा हवी, मान्य. तेवढ्यापुरती हरळी ठेवा. शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो आणि गणपतीला जिच्या दूर्वा लागतात, तीच. उन्हाळ्यात पिवळी पडते, मेली असं वाटतं, आणि पहिल्या वळवाला उठून बसते. बाकीच्या जागेत फरशी घालू नका, मुरूम पसरा, पाऊस आत जिरू द्या.

आता लागवड. लोकांना पुरुषभर उंचीचं, पिशवीतलं झाड हवं असतं, म्हणजे लावल्या दिवसापासून बाग दिसते. त्या पिशवीत मुळं गोल गोल फिरून वेटोळं झालेली असतात. ती पुढे सरळ खाली जायला फार कुरकुर करतात. कोरड्या प्रदेशात झाडाचं सगळं भवितव्य खाली जाणाऱ्या मुळावर असतं. पळसाचं रोप पहिली काही वर्षं वर हलतच नाही, कारण त्याचं काम खाली चाललेलं असतं. म्हणून वीतभर रोप लावा, जमलं तर बीच टोका. जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाले की लावायचं, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मूळ खोल जायला पुरता वेळ मिळतो.

आणि इथे एक गैरसमज काढून टाकते. दुष्काळाला टिकणारं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून पाणी न लागणारं झाड नव्हे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. पण रोज संध्याकाळी पाइपने वरवर शिंपडलेलं नको, त्याने मुळं वरच्या वितीतच रेंगाळतात. आठ-दहा दिवसांनी एकदा, सावकाश, खोलवर मुरेल असं द्या. बुंध्याभोवती पालापाचोळा हातभर पसरा, खोडाला मात्र टेकवू नका. आपण तो झाडून, पेटवून, धूर करून, वर पालिकेच्या गाडीची वाट बघतो. तिसऱ्या वर्षी हात आखडता घ्या. या झाडांना लाडाने मारणारे लोक मी तहानेने मारणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिलेत. काळ्या चिकण मातीत रोज ठिबक चालू ठेवलं, तर धायटीसारखं कातळावरचं झुडूप मुळाशी कुजतं.

मग जास्वंद, मोगरा, केळ यांचं काय करायचं? जुन्या वाड्यांनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. न्हाणीघराची मोरी जिथे बाहेर पडते तिथे अळू, कर्दळ, केळ असायची. तुळशीला तांब्याभर पाणी मिळायचं. कुंपणाच्या मेंदीकडे कोणी बघायचं नाही. पाणी जिथे आपसूक जातं तिथे पाणीखाऊ झाडं, आणि लांबच्या कोपऱ्यात पाण्याची आशा न करणारी. आजचे ठिबकवाले हेच ‘झोन’ म्हणून शिकवतात आणि त्याची फी घेतात.

शेवटी कामाचं. बहाव्याच्या गेल्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा सध्या झाडावर लटकताहेत, यंदाच्या फुलांच्या झुंबरातूनच त्या दिसतील. दोन शेंगा खाली पाडा आणि फोडा. बी टणक असतं, तसंच लावलं तर वर्षभर ढिम्म बसून राहतं. ते एका कडेला पॉलिश कागदावर घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेली बियाणं वेगळी काढा, न फुगलेली पुन्हा घासा. पळसाच्या चपट्या शेंगाही आता गळायला लागतील, त्यांचं बी मात्र साठवून ठेवू नका, त्याच पावसात लावा. एका जागी तीन बिया टोका, त्यातलं जोमदार रोप ठेवून बाकीची दोन शेजाऱ्याला द्या.