पुरावा मागणारा परंपरावादी



स्नेहसंमेलनाच्या पाहुण्याने शास्त्रज्ञ, सेनानी किंवा उद्योजक यांच्याविषयी बोलावे अशी रीत आहे. मी मात्र कायद्याच्या एका प्राध्यापकाविषयी बोलणार आहे. हा माणूस परंपरावादी होता आणि त्याने ते कधी लपवले नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांना 1963 साली भारतरत्न मिळाले, तरी आज त्यांचे नाव स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचापलीकडे फारसे भेटत नाही. याला दोन्ही बाजू जबाबदार आहेत. सुधारकांना ते जुन्या पोथ्यांतले वाटले आणि सनातन्यांना ते अडचणीचे वाटले. ही अडचण नेमकी कोणती होती, हाच आजचा माझा विषय आहे.

काणे 1880 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले, दापोलीच्या मिशन शाळेत शिकले आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून बाहेर पडले. काही वर्षे सरकारी शाळांत मास्तरकी केल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. 1917 ते 1923 या काळात ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आले, 1953 ते 1959 राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व आले. पण ते सोडून देऊ. त्यांचे खरे आयुष्य एका प्रस्तावनेत गेले. नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातल्या ग्रंथाचे संपादन करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, असे त्यांच्या मनात आले. ती प्रस्तावना वाढत गेली आणि ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या पाच खंडांच्या, सुमारे साडेसहा हजार पानांच्या ग्रंथात तिचे रूपांतर झाले. पहिला खंड 1930 साली निघाला, शेवटचा 1962 साली. त्या वेळी लेखकाने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

एवढे लिहून त्यांनी सिद्ध काय केले? माझ्या मते एकच गोष्ट, पण ती फार मोठी आहे. ‘ही आमची परंपरा आहे’ हे विधान म्हणजे एक दावा असतो, आणि दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, हे त्यांनी दाखवले. वकिलाला यात नवल नाही. 1868 साली मदुरेच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने म्हटले होते की, हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनापेक्षा वरचढ ठरेल. काण्यांनी कोर्टातली ही शिस्त सगळ्या धर्मशास्त्राला लावली. वचन कोणाचे, कोणत्या शतकातले, कोणत्या टीकाकाराने त्याचा काय अर्थ लावला आणि लोक प्रत्यक्षात कसे वागत होते, हे प्रश्न त्यांनी पानापानावर विचारले. आणि प्रामाणिकपणे विचारले म्हणूनच उत्तर सनातन्यांच्या सोयीचे आले नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत थोरल्या मुलाला जास्त वाटा द्यावा, असे जुन्या स्मृतींत म्हटले आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ही वचने नाकारली नाहीत. शास्त्रात आहे हे खरे, पण लोकांना ते आता सहन होत नाही, म्हणून तसे वागू नये, असा त्याने निर्वाळा दिला. नंतर धर्मशास्त्राचे संकलन करणाऱ्या निबंधकारांनी ‘कलिवर्ज्य’ नावाची यादीच केली. पूर्वी शास्त्राने मान्य केलेल्या, पण कलियुगात टाळायच्या पन्नासहून अधिक गोष्टी तीत आहेत. नियोग, म्हणजे दिरापासून संतती मिळवण्याची जुनी प्रथा, तीत आहे आणि थोरल्याचा जादा वाटाही आहे. या यादीचा काण्यांनी काढलेला निष्कर्ष मोलाचा आहे. आपल्याकडे काहीच बदलले नाही असे म्हणणाऱ्यांना खुद्द शास्त्रकारांनीच दिलेले हे उत्तर आहे, असे ते म्हणतात. (त्याच यादीत ब्राह्मणाच्या समुद्रप्रवासावरही बंधन आहे, आणि विधवेचा पुनर्विवाहही वर्ज्य ठरला आहे; म्हणजे बदल दर वेळी पुढेच नेतो असे नाही, हेही तीतूनच कळते.) मुंबई इलाख्यात बहिणीला वारसांमध्ये जे वरचे स्थान मिळाले, त्यामागे ‘व्यवहारमयूखा’चा आधार होता, इतरत्र तिला ते मिळाले नव्हते. परंपरा एक नव्हती, अनेक होत्या, आणि त्यांतली कोणती पुढे न्यायची हा निर्णय प्रत्येक पिढीने घेतला. केशवपन न केलेल्या विधवेला पंढरपूरच्या विठोबाची पूजा करता यावी म्हणून काणे स्वतः कोर्टात उभे राहिले, ते याच अभ्यासाच्या जोरावर.

आता सर्वांत जड आक्षेप. बहिणीच्या हक्कासाठी किंवा विधवेच्या पूजेसाठी मुळात पोथीची परवानगी मागायचीच कशाला? अन्याय तो अन्याय. तो नवव्या शतकातला की सतराव्या, याने काय फरक पडतो? हा आक्षेप सर्वांत धारदारपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, 1936 साली, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या भाषणात. शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वासच नाहीसा झाल्याशिवाय जात जाणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. ज्या सरकारी विधी महाविद्यालयात काणे शिकवून गेले, त्याचेच आंबेडकर 1935 पासून प्राचार्य होते. आणि 1954 च्या पोटनिवडणुकीत ते ज्या भंडाऱ्यातून उभे राहिले, त्या जिल्ह्यातच तेव्हा केशोरीसह आपला हा सगळा मुलूख होता. तेव्हा या आक्षेपाला इथे तरी वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही.

आक्षेप मला मान्य आहे, पण पूर्ण नाही. माणसाच्या प्रतिष्ठेला पोथीचा दाखला लागत नाही, हे निर्विवाद. काण्यांच्या पद्धतीची मर्यादाही इथेच उघडी पडते. पुरावा काय होते ते सांगतो; काय असावे ते सांगू शकत नाही. पण म्हणून पुरावा निरुपयोगी ठरत नाही. अस्पृश्यतेच्या उगमावर आंबेडकरांनी 1948 साली पुस्तक लिहिले, तेव्हा वैदिक काळातल्या गोमांसभक्षणाविषयी साक्षीला बोलावले ते काण्यांनाच. प्रतिपक्षाला निर्धास्तपणे वापरता येईल असे काम करणे, ही कोणत्याही परंपरावाद्याची मोठी कमाई आहे. उरलेले काम संविधानाने केले. अनुच्छेद 13 मध्ये ‘कायदा’ या संज्ञेत रूढीही धरली आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत ठरणारी रूढी तिथे निष्प्रभ होते. रूढी खरोखर होती का, हे काण्यांच्या पद्धतीने तपासायचे. ती राहावी का, हे संविधानाच्या कसोटीवर ठरवायचे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की वाद फक्त आवाजावर जिंकले जातात.

हा विषय मुंबई-पुण्याचा आहे असे कोणाला वाटेल. उलट, तो इथल्या बांधावरचा आहे. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. त्या आणि मालगुजारीच्या इतर तलावांच्या पाण्याची वाटणी, गुरांचे चरणे, सरपण, बांबू, मासे, पायवाटा यांचे नियम गावांनी ठरवले होते. जमाबंदीच्या काळात अधिकाऱ्यांनी ते ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये गावनिहाय नोंदवले. 1951 साली मालगुजारी ही सारावसुलीची पद्धत गेली, पण या नोंदींची गरज गेली नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांचे पत्रक) आणि वाजिब-उल-अर्ज यांच्यासाठी कलमे आहेत, आणि ती विदर्भापुरतीच लागू आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ हे नाव घेऊनच समावेश केला, आणि त्याच्या नियमांनी गावातल्या दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून मान्य केला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे परंपरा कामी आली ती नकाशा, ठराव आणि जबाब यांच्या रूपाने. नुसत्या अभिमानाने दावा मंजूर होत नाही. मात्र एखाद्या जुन्या नोंदीत कोणाला पाण्यापासून दूर ठेवल्याचे आढळले, तर तीही खरीच नोंद असेल, आणि अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद 17 पुढे तिची किंमत शून्य असेल.

एका मुद्द्यावर मी काण्यांशी सहमत नाही. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी तक्रार केली की, संविधानाने जुन्या विचाराशी नाते तोडले, आणि आपल्याला हक्क आहेत पण कर्तव्ये नाहीत अशी समजूत लोकांत रुजवली. पुढे 1976 साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली, तेव्हा काण्यांचेच म्हणणे खरे ठरले असे कोणाला वाटले असेल. मला तसे वाटत नाही. शतकानुशतके ज्यांच्या वाट्याला फक्त कर्तव्येच आली, त्यांच्यासाठी हक्कांचा भाग आधी आणि मोठ्या अक्षरांत लिहिणे हाच न्याय होता. काण्यांनीच गोळा केलेला शूद्रांच्या आणि स्त्रियांच्या स्थितीचा पुरावा याची साक्ष देतो. त्यांचा निष्कर्ष त्यांच्याच साधनांनी तपासता येतो आणि तो इथे टिकत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीवर कठोर टीका करणाऱ्या परंपरावादी एडमंड बर्कने अमेरिकन वसाहतींची बाजू घेतली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. चांगले परंपरावादी असे अधूनमधून आपल्याच गोटाला गैरसोयीचे होतात. काणेही झाले, फक्त या ठिकाणी कमी पडले.

या ग्रंथाचा मराठी सारांश महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढला आहे. तो तुमच्या ग्रंथालयात असावा, अशी प्राचार्यांना विनंती आहे. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी त्यातला कलिवर्ज्याचा भाग आधी वाचावा. मग आंबेडकरांचे 1948 चे पुस्तक शेजारी ठेवून ते कुठे काण्यांचा पुरावा घेतात आणि कुठे त्यांचा निष्कर्ष सोडून देतात, ते वहीत उतरवून काढावे. आणि तहसील कार्यालयात आपल्या गावचे निस्तारपत्रक पाहायला मिळते का, याची चौकशी एखाद्या सोमवारी दोघातिघांनी मिळून करावी.