मोजलं कुणी, ऐकलं कुणी
(रे रोड येथील वस्तीच्या बैठकीत केलेलं भाषण)



आत येताना एकीने विचारलं, "बाई, परत सर्व्हे आहे का?" नाही, सर्व्हे नाही. पण आज त्यावरच बोलते. वही घेऊन माणसं येतात, घरात कमावतं कोण, नवरा मारतो का, असं सगळं विचारतात आणि निघून जातात. मीही एकदा अशीच गेले होते. अहवाल इंग्रजीत निघाला. ज्या बायकांनी हातातलं काम टाकून उत्तरं दिली, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. त्याची लाज अजून वाटते.

तरी संशोधन नकोच, असं मी म्हणणार नाही. १९८१ साली सरकारने मुंबईच्या फूटपाथवरची माणसं हुसकायचं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे कोर्टाने मान्य केलं. आणि पावसाळा सरल्यावर, ३१ ऑक्टोबरनंतर, झोपड्या हटवायची मोकळीकही दिली! त्याच वर्षी 'स्पार्क'ने आपल्या याच ई वॉर्डातल्या फूटपाथवासीयांची गणती केली. सुमारे सहा हजार कुटुंबं. अहवालाच्या नावाचा अर्थच होता, 'आम्ही, न दिसणाऱ्या'. काल आलेले उपरे म्हणून ज्यांना हिणवलं जात होतं, ती माणसं इथे वर्षानुवर्षं राबत होती, आणि कामाला चालत जाता यावं म्हणून इथे राहत होती. मोजणीमुळे हे ठामपणे सांगता आलं. पुढे १९८६ मध्ये फूटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. तेव्हा आकडा कामाचा असतो.

पण आकड्याला सगळं दिसत नाही. गिरणगावात खोलीत वीस-वीस गिरणी कामगारांचं जेवण रांधणारी खाणावळवाली 'कामगार' म्हणून कुठे मोजली गेली? घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबणं हेही काम, असं जनगणनेच्या प्रश्नात स्पष्ट लिहायला १९९१ साल उजाडलं.

म्हणून दुसऱ्या वाटाही लागतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. ते १९८९ मध्ये निघालं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावकरांच्या आठवणी जमवल्या, त्यांचं पुस्तक २००४ चं. ताराबाई शिंदेंचं १८८२ चं 'स्त्रीपुरुषतुलना' विस्मरणात गेलं होतं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं. जुने कागद चाळणं हेही संशोधनच. आठवणीत चूक असते, हे खरं. पण सरकारी कागदात काय कमी चुका असतात? दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

आपल्या गटाने पाण्याची वही सुरू केली आहे. कोण किती वाजता उठते, किती हंडे भरते. ती तुम्हीच लिहा. लिहिता येत नसेल तिने पोरीला सांगून लिहून घ्यावं. वही मात्र वस्तीतच ठेवायची. बाहेरून कुणी मागायला आलं, तर आधी तिला बसवून विचारा: कुणासाठी लिहितेस, कुठल्या भाषेत, आणि आम्हाला वाचून कधी दाखवशील?

थांबते. नळाची वेळ झाली, मागच्या दोघी कधीच्या घड्याळाकडे बघताहेत.