लहान धक्के आणि मोठा भूकंप



जमीन किंचित हादरली की वडीलधारी माणसे म्हणतात, "बरे झाले, भूमीची रग जिरली; मोठे अरिष्ट टळले." ही समजूत धीर देणारी खरी, परंतु गणितास उतरत नाही. भूकंपाचे मान एकाने वाढले की त्याची शक्ती सुमारे ३२ पटींनी वाढते. अर्थात ६ मानाच्या एका भूकंपाची शक्ती निचरण्यास ४ मानाचे सुमारे हजार धक्के बसावे लागतील!

मग हे लहान धक्के निरर्थकच काय? तसेही नव्हे. गुटेनबर्ग व रिश्टर या शास्त्रज्ञद्वयाने १९४४ साली कॅलिफोर्नियातील नोंदींवरून असे दाखविले की, सामान्यतः ४ मानाच्या एका धक्क्यामागे ३ मानाचे सुमारे दहा धक्के बसतात. हे प्रमाण सर्वकाळ सारखे राहत नाही. प्रयोगशाळेत खडकावर दाब वाढवीत नेला असता प्रथम बारीक तडे पुष्कळ जातात; ताण वाढत गेला म्हणजे त्यांत मोठ्या तड्यांचा वाटा वाढतो. म्हणून लहान धक्क्यांचे प्रमाण जेथे घटते, तेथे ताण साठत असावा असे अनुमान शास्त्रज्ञ करितात.

चीनमधील हायचेंग येथे फेब्रुवारी १९७५ मध्ये लहान धक्के एकाएकी वाढले. अधिकाऱ्यांनी लोकांस घराबाहेर काढले, आणि ४ तारखेच्या सायंकाळी मोठा भूकंप झाला. असंख्य प्राण वाचले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान येथे मात्र अशी कोणतीच ठळक वर्दी मिळाली नाही. सरकारी गणतीनुसार तेथे सुमारे २,४२,००० माणसे दगावली.

आपल्या किल्लारीस १९९२ च्या ऑक्टोबरात धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. (उन्हाळ्यात गारवा देणारे माळवदच घातक ठरावे, हा केवढा दैवदुर्विलास!) उलट पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या, पण त्यामागोमाग मोठा भूकंप आला नाही. दोहोंतील भेद आधी कोणी सांगावा? 'पूर्वधक्का' हे नाव मोठा भूकंप होऊन गेल्यावरच देता येते.

यास्तव आता धक्क्यांच्या उगमाजवळच जाण्याचा यत्न चालू आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेल्या कोयनेच्या परिसरात, गोठणे येथे, सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले, ते याच हेतूने.