बाळ जन्मल्यानंतरचं पहिलं मिनिट

(कर्नाळा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय 'मेंदूतली संप्रेरकं आणि औषधं'. हायपोथॅलॅमस, त्याखालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, हे तुम्ही शाळेत वाचलेलं आहे. (मागे हसू आलं. बरोबर, आपल्या उपवासाच्या पीयूषाशी तिचा संबंध नाही.) वाढीचं संप्रेरक, वंध्यत्वावरची इंजेक्शनं, सगळं टिपून आणलंय. पण मनापासून बोलायचंय ते एकाच औषधावर, ऑक्सिटोसिनवर.

हे हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पीयूषिकेच्या मागच्या भागात साठतं. तान्हं रडलं की आईला पान्हा फुटतो, तो याच्यामुळे. रायगड जिल्ह्यात हिरकणी सांगायला नको. दुसरं काम गर्भाशय आवळण्याचं. हेन्री डेल यांनी ते 1906 साली पीयूषिकेच्या अर्कावर दाखवलं. पुढे द्यु व्हिन्यो यांनी हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू प्रयोगशाळेत घडवला आणि 1955 चं नोबेल मिळवलं.

वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळलं तरच त्या मिटतात. म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे 10 युनिट टोचायचे. पण ते 2 ते 8 अंशांत जपलेलं हवं.

माझ्या उमेदीच्या काळातली, मे महिन्यातली एक रात्र सांगते. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. वाडीवरची मुलगी, दुसरं बाळंतपण. बाळ रडलं, मी ट्रेमधलं अँपूल फोडून टोचलं. वारही पूर्ण आली. पण पोटावर हात ठेवला, तर नारळासारखं घट्ट लागायला हवं ते गर्भाशय भिजवलेल्या कणकेसारखं. चादर भिजत चालली. चोळत राहिले, त्याच ट्रेमधलं दुसरं अँपूल दिलं. काही फरक नाही. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तो ट्रे खिडकीत असतो." पश्चिमेची खिडकी! किती दिवस, कुणालाच ठाऊक नाही. त्या लशींच्या फ्रिजकडे धावल्या, आतलं खोकं आणलं. ते सलाइनमधून सोडलं आणि काही मिनिटांत माझ्या हाताखाली गर्भाशय घट्ट झालं. ती वाचली. एका बाळंतिणीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, चोळणंही चालूच होतं, हे मला कळतं. पण उन्हात बिघडलेलं अँपूल चांगल्यासारखंच स्वच्छ दिसतं. रंग नाही, वास नाही. डोळ्यांना ते कळणार कसं?

चिठ्ठी आली आहे: "गोठ्यात हेच टोचतात, त्या दुधाने मुली लवकर वयात येतात का?" नाही. हे प्रथिनासारखं आहे, पोटात पचून जातं, म्हणून तर त्याची गोळी करता येत नाही. जनावराला टोचणं मात्र क्रूरपणाच आहे. दुधासाठी अपाय करणारं इंजेक्शन 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण त्या रागात औषधालाच बदनाम करू नका. 2018 साली सरकारने खासगी कंपन्यांना देशात वापरायचं ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती रद्द केली. मला तो निकाल योग्य वाटतो. गोठ्यातल्या गुन्ह्याची शिक्षा बाळंतिणीला कशासाठी?

संयोजक घड्याळ दाखवताहेत, दोनच मिनिटं घेते. जिथे फ्रिज नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यात 1620 बायकांवर अभ्यास झाला, 2006 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. पण जिथे फ्रिज आहे, तिथे खिडकीतला ट्रे कशाला? लशींच्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनला जागा देता येते.

सभागृहात ग्रामपंचायतीचे सदस्य बसलेत, आशाताई बसल्यात. उद्या सकाळी आपल्या दवाखान्यात जा आणि विचारा: ऑक्सिटोसिन कुठे ठेवता? उत्तर ऐकून परत येऊ नका. फ्रिज उघडायला सांगा.